अण्णांचा पगार

आमच्या घराला एक तारीख नव्हती. शेजारच्या नाझरांच्या घराला होती. नाझरकाका कोर्टात नोकरीला, त्यामुळे महिना सुरू झाला की मांडवी बंदरावरून येणारी मासेवाली आधी त्यांच्या पायरीवर पाटी उतरवायची आणि नाझरकाकू पापलेटांचे कल्ले उघडून बघत तिच्याशी तासभर घासाघीस करायच्या. महिना उतरणीला लागला की तीच पाटी त्यांच्या दारावरून न थांबता पुढे जायची. आमच्या दारात मात्र तिला कधीच अंदाज लागत नसे. ती कुंपणाशी उभी राहून आत्याला हाक मारायची, "काय गो, आज हाय की नाय?" आणि आत्या एखाद्या दिवशी अख्खी सुरमई घ्यायची, एखाद्या दिवशी नुसती मान हलवायची. ती मान मग कितीतरी दिवस तशीच हलत राहायची. माझे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत. राजवाडा, रस्ता, बगीचा, अरण्य, तुरुंग. पडदा पसंत पडला, खेळ चालला आणि मॅनेजरला आमची आठवण राहिली, तर मुंबईहून येणाऱ्या बोटीबरोबर पैसे येत. आले म्हणजे भरपूर येत. त्या दिवशी सुरमईचे तुकडे आळीतल्या चार घरांत जात, आत्याला लुगडं येई, अण्णांच्या वखारीत निळीचा नवा डबा येई, आणि आठवडा संपायच्या आत आम्ही पुन्हा कुळथाच्या पिठल्यावर येत असू. सुखाचा आणि तंगीचा वास माझ्या डोक्यात असा कायमचा वेगळा झाला आहे. एक तळलेल्या सुरमईचा, दुसरा भाजलेल्या सुकटीचा. खरं सांगायचं तर दुसराच मला जास्त आवडायचा, पण तेव्हा ते तोंडातून काढायची सोय नव्हती.

मी त्या घरात वाढले नव्हते. आई गेली तेव्हा अण्णा मुंबईत होते. एका मिशनच्या मुलींच्या शाळेने त्यांच्याकडून नाटकासाठी बागेचा पडदा करून घेतला होता. मोठ्या मिसना तो इतका आवडला की पडद्याच्या मोबदल्यात त्यांनी मला बोर्डिंगमध्ये ठेवून घेतलं. पुढे दर वर्षी अण्णा शाळेला एक पडदा देत आणि मी एक इयत्ता वर चढे. ते स्वतः रत्नागिरीला परत आले, कारण इथे मांडवीच्या बाजूला पडदा लांबवर पसरता येईल अशी एक पडीक वखार स्वस्तात मिळत होती आणि घर सांभाळायला त्यांची विधवा बहीण, माझी आत्या, होती. मी सुट्टीत येत असे. माझं सगळं शिक्षण इंग्रजीत झालेलं, त्यातून स्वभाव बुजरा. मराठी बोलताना मी शब्द आधी मनात जुळवून घेत असे, तोवर बोलणं पुढे गेलेलं असे. आत्या हसायची. "आमची साहेबीण जेवली का गो?" असं ती मला समोर बसवून, भिंतीला विचारायची. मी ऐकत आणि बघत राहायची. बघण्याची मला सवय लागली ती तेव्हापासून.

मॅट्रिकला एकच वर्ष उरलं असताना मी मे महिन्याच्या सुट्टीत आले आणि आत्या हिवतापाने अंथरुणाला खिळली. अण्णा म्हणाले, "एक महिना राहा, बाय. घर जरा मार्गी लावू, मग जा." महिन्याभरात पाऊस लागला. पावसाळ्यात मुंबईच्या बोटी बंद असत. घाटावरून मोटारीने कोल्हापूर आणि तिथून रेल्वे, हा रस्ता होता, पण एकट्या मुलीला त्या वाटेने धाडायचं कुणाच्या मनातही येत नसे. बोटी सुरू होईपर्यंत शाळेचं वर्ष बरंच पुढे गेलेलं. अशा रीतीने माझं एक वर्ष गेलं. मिसनी कळवलं की तुझी जागा आम्ही पुढच्या जूनपर्यंत राखून ठेवू, त्यानंतर शक्य होणार नाही. मी ठरवलं की घर मार्गी लावायचं तर खरोखरच लावायचं, म्हणजे पुढच्या मे महिन्यात शेवटच्या बोटीवर बसताना मला थांबवायला कुणाकडे कारण उरणार नाही.

शाळेत आम्हाला घरखर्चाचा एक धडा होता. त्यातल्या गृहस्थाला दर महिन्याला ठरलेला पगार मिळे, आणि त्याची बायको त्यातून भाडं, कोळसा, चर्चची वर्गणी आणि शिल्लक असे भाग करी. हा गृहस्थ तीन महिने काहीच मिळवत नसता आणि चौथ्या महिन्यात एकदम ओंजळभर घेऊन आला असता तर त्या बाईने काय केलं असतं, हे पुस्तकात नव्हतं. ते मला रत्नागिरीत बसून शोधावं लागलं. आत्याला विचारलं, वाईटात वाईट दिवस कुठले? तिला आकडे सांगता येत नव्हते, पण जेवणं आठवत होती. "त्या शिमग्याला पुरण नव्हतं. त्याच्या आदल्या पावसाळ्यात आपण पेजेवर काढले. आणि तुझा बापूस त्या कंपनीबरोबर वऱ्हाडात गेला, तेव्हा तर लोणच्याचा खार संपला, मग गप्प बसलो." त्या जेवणांवरून मी हिशेब मांडला. चांगलं साल धरायचंच नाही, वाईट धरायचं. वाईट सालात घर जेवढ्यात चाललं, तेवढाच अण्णांचा महिन्याचा पगार. वखारीतून रंगाचे रिकामे डबे आणून राखेने घासले. सफेद्याचा, म्हणजे पांढऱ्या रंगाचा, मोठा डबा होता, त्यात येईल ते सगळं टाकायचं, मग ते कितीही असो. पिवडीच्या पिवळ्या डब्यात घरखर्च, नीळ होती त्यात भाडं, हिरमुंजीच्या लाल डब्यात पडद्यांचं कापड म्हणजे मांजरपाट, सरस आणि रंग. लाल डब्यातलं घरात यायचं नाही आणि पिवडीतलं वखारीत जायचं नाही. आणि सफेद्याच्या डब्यातून एक तारखेला पगार निघेल, तो या डब्यांत वाटून उरेल ते अण्णांच्या हातखर्चाला, मधे कुणी कितीही मागितलं तरी नाही. त्या डब्याला कुलूप, किल्ली माझ्या कमरेला.

अण्णा रागावतील असं मला वाटलं होतं. ते हरखले. एक तारखेला वखारीतून लवकर आले, रॉकेलने हात चोळचोळून नखांतला रंग काढला, मॅनेजर लोकांना भेटायला जाताना घालायचे तो काळा कोट चढवला आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन उभे राहिले.

"साहेब, पगार."

मी चुलीपुढे फुंकणी घेऊन बसले होते. डोळे धुराने भरलेले. मला हसायचं की काय करायचं ते कळेना.

"अहो अण्णा, तुमचेच पैसे आहेत ते."

"माझे असते तर काल संपले असते," ते म्हणाले. "द्या साहेब."

मी मोजून दिले. त्यांनी ते कपाळाला लावले आणि तसेच मांडवीवर गेले. तिथे ते नाझरकाकांच्या शेजारी बसले आणि मोठ्याने म्हणाले, "आज आमचाही पगार झाला हो!" हे मला नाझरांच्या कमलने येऊन सांगितलं. ती माझ्याच वयाची, आणि आमच्या घरची कुठलीही गोष्ट तिला आमच्याआधी कळे. त्यानंतर दर एक तारखेला कोट, रॉकेल आणि उंबरा. घरातली भाषाच बदलली. आत्या म्हणायची, "पिवडीत तेलापुरता हाय, पण मिरचीला नाय." मासेवालीही शिकली. "आज सायबिणीचा पगार झाला ना गो?" म्हणत सरळ पायरीवर पाटी उतरवू लागली. सुरमई बंद झाली, पण बांगडे महिनाभर मिळू लागले. अण्णा पूर्वी पैशाच्या विवंचनेत पडवीत येरझाऱ्या घालायचे, फरशीवर त्यांच्या टाचांचा आवाज यायचा. तो थांबला. ते झोपू लागले. त्यांच्या घोरण्याचा आवाज घरभर येई आणि मी अंथरुणात पडून ऐकत असे. तो माझ्यासाठी चांगला आवाज नव्हता, हे मला उशिरा कळलं.

हल्ली मी राहते त्या इमारतीत एक मुलगी आहे, मासिकांसाठी चित्रं काढते. पैसे कधी येतील, किती येतील, तिला ठाऊक नसतं. परवा तिने सहज विचारलं, आजी, तुमच्या वेळी असं काम करणारे लोक महिना कसा काढायचे? मी तिला डब्यांचं सगळं सांगितलं. वाईट महिना धर, चांगला धरू नकोस, स्वतःला पगार दे. तिने उत्साहाने लिहून घेतलं. किल्ली कुणाच्या कमरेला असावी, हे मात्र मी सांगितलं नाही. ते प्रत्येकाने आपलं आपण बघावं.

मार्चमध्ये मी म्हटलं, आता पगार आत्या देईल. मी नुसती बाजूला बसेन. अण्णांनी पगार कोट न घालताच घेतला, आणि दोन दिवसांनी परत येऊन आत्याकडे आणखी मागितले. तिने दिले. धाकट्या भावाला नाही म्हणायची सवय तिला नव्हती. महिन्याच्या मध्यावर पिवडीचा डबा वाजायला लागला. मी अण्णांना विचारलं, तेव्हा त्यांनी मला समजावून सांगितलं, अगदी मायेने, माझ्या डोक्यावर हात ठेवून.

"तुझ्या हातून घेतला की तो पगार होतो गो बाय. हिच्या हातून घेतला की नुसते पैसे."

त्या हाताचा भार मला अजून आठवतो. मी जितकं चोख केलं, तितकी त्यात अडकत गेले होते. माझ्याशिवाय चालावं म्हणून मी जे उभं केलं, ते माझ्याचमुळे चालत होतं. दुपारी आत्या झोपली की मी मागच्या पडवीत बसून इंग्रजी कविता मनातल्या मनात म्हणत असे, कारण त्या विसरायला लागल्या होत्या. मोठ्याने म्हणायची सोय नव्हती. कुंपणापलीकडून कमल विचारायची, "कुणाशी गं बोलतेस?"

एप्रिलअखेर एका कंपनीचा मॅनेजर स्वतः येऊन पावसाळ्यानंतरच्या खेळासाठी नव्या पडद्यांचं काम देऊन गेला आणि निम्मे पैसे आगाऊ ठेवून गेला. मी वाटच बघत होते. पावसाळ्याच्या चार महिन्यांसाठी मी चार वेगळे डबे केले. चारांवर इंग्रजीत महिन्यांची नावं लिहिली. पाचव्या डब्यात आगोटीच्या तांदळाचे पैसे. पावसाआधी घर भरून घ्यायचं, त्याला आमच्याकडे आगोट म्हणतात. लाकडं, मिरची, आमसुलं आणि हर्णैचे सुके बांगडे येऊन पडले होते. तांदूळ तेवढे वरच्या गावातून गाडीने यायचे होते, तेही शेवटची बोट सुटल्याच्या दुसऱ्या दिवशी. अण्णांनी स्वतः पाचही डब्यांच्या झाकणांवर सरसाने कागदाच्या पट्ट्या डकवल्या. "एक तारखेला एकच पट्टी फाटेल," ते म्हणाले. "तुझ्या हातचंच आहे असं समजेन. तू जा. माझी पोर मॅट्रिक व्हायलाच हवी." हे बोलताना त्यांचे डोळे भरले होते, आणि ते खोटं नव्हतं. मी मिसना कळवून टाकलं की शेवटच्या बोटीने येते.

बोटीच्या आदल्या सकाळी मी नाझरकाकूंचा निरोप घ्यायला गेले होते. परत आले तर ओटीवर एक ट्रंक. नुसती ट्रंक नव्हे. काळ्या पत्र्यावर चारी बाजूंनी वेल, वेलीला जास्वंदी आणि मधूनमधून पोपट. झाकणावर इंग्रजीत मोठ्या, सोनेरी कडांच्या अक्षरांत माझं नाव, त्याखाली शाळेचं नाव, त्याखाली मुंबई. कोपऱ्यात एक आगबोट, धूर सोडत निघालेली. अण्णा शेजारी उकिडवे बसून कुंचला पुसत होते. कालपासून ते वखारीत होते, पण काय करताहेत ते मी विचारलं नव्हतं.

"वास जाईपर्यंत हात लावू नकोस," ते म्हणाले. "आत बघ. सांभाळून उघड, कड ओली आहे."

आत काळे बूट होते. पायमोजे, दोन काठाच्या साड्या, एक जाड लाल घोंगडी, वाकड्या मुठीची छत्री, शाईची दौत, आरसा लावलेली फणीची पेटी. सगळं नवं. बोर्डिंगमधल्या मोठ्या घरच्या मुलींकडे होतं तसं सगळं. मी एकदा कधीतरी, लहान असताना, त्यांना त्याबद्दल सांगितलं असणार. त्यांच्या ते लक्षात होतं.

"तिथे गरीब नाही दिसायचं," अण्णा म्हणाले. "पेंटरची मुलगी आहेस."

मी आत गेले. फळीवर पाच डबे ओळीत होते. पाचांच्याही पट्ट्या फाटलेल्या. आत्या पाटावर बसून विळीवर कच्चा फणस चिरत होती. तिने वर पाहिलं नाही.

"चार महिने घालून आला तुझ्या पेटीत," ती म्हणाली. "तांदळाचा पण. मी म्हटला, रे पोरीला विचार. तर म्हणे, विचारला तर ती नको म्हणेल."

मी बाहेर आले. त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा अण्णांशी मोठ्या आवाजात बोलले, आणि इंग्रजीत बोलले. काय बोलले ते आठवत नाही. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मग शांतपणे विचारलं, "काय म्हणालीस?"

"पावसात खाणार काय?" मी मराठीत म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग ट्रंकेकडे. अशा वेळी त्यांचा चेहरा मी पूर्वीही पाहिला होता. पडदा उभा केल्यावर लांब जाऊन बघताना, चूक दिसली की तो असा व्हायचा. ते उठले, एका गड्याच्या डोक्यावर ट्रंक दिली आणि बाजाराकडे चालू लागले. मी मागोमाग गेले. मुलीने बापामागे बाजारातून असं जाणं तेव्हा दिसायला चांगलं नव्हतं, पण मला आत बसवेना. दुकानदाराने ट्रंक फळीवर ठेवून घेतली. चारी बाजूंनी फिरवून बघितली. तोंडभर हसला.

"पेंटर, काय सुंदर केलीत! पण आता ही मी विकू कोणाला? ह्या नावाची दुसरी पोर आणू कुठून?" मग माझ्याकडे बघून हळू आवाजात म्हणाला, "सामानाचं म्हणाल तर, विकलेलं परत घेत नाही, पेंटर. तुम्हीच काल म्हणालात ना, सगळ्यात चांगलं द्या."

परतताना अण्णा वाटेत एकदाच बोलले. "नुसती काळी ठेवायला हवी होती," ते म्हणाले. "पण नुसती काळी बघवेना."

दुसऱ्या दिवशी आत्या मला म्हणाली, "जा गो तू. आम्ही काय तरी करू." तिने माझं बोचकं बांधूनही ठेवलं होतं. मी ते सोडलं. अण्णा काय तरी करतील म्हणजे काय, हे मला माहीत होतं. ते कंपनीच्या पडद्यांचा मांजरपाट विकतील, तोही सगळ्यात चांगला भाव न घेता, आणि मग पावसाळ्यानंतर पडदेही नाहीत आणि कंपनीही नाही. कुणी मला अडवलं नाही. सगळी दारं उघडी होती. संध्याकाळी बंदरावरून बोटीचा भोंगा आला. आत्या त्या वेळी कधी जात्यावर बसत नसे, पण त्या दिवशी बसली आणि भोंगा थांबेपर्यंत दळत राहिली. मी चुलीत लाकूड सारलं. अण्णा पडवीत होते. फरशीवर टाचांचा आवाज पुन्हा सुरू झाला होता.

एक तारखेला मला वाटलं, आज ते येणार नाहीत. ते आले. हात रॉकेलने धुतलेले, अंगात कोट. उंबऱ्याशी उभे राहिले, पण साहेब म्हणाले नाहीत. मी सफेद्याच्या डब्यातून काढून त्यांच्या हातावर ठेवले. बुटांचे होते ते. बूट मी आदल्या दिवशी नाझरकाकूंना कमलसाठी विकत दिले होते. तांदळाच्या गाडीला साड्या आणि घोंगडी गेली होती. पुढच्या महिन्याचा पगार म्हणजे छत्री आणि पायमोजे, त्याच्या पुढचा म्हणजे फणीची पेटी. अण्णांनी कशाबद्दलही विचारलं नाही. श्रावणात एकदा कमल चिखल चुकवत आमच्या कुंपणावरून गेली, बूट नवेच्या नवे, आणि अण्णा तिच्याकडे बराच वेळ बघत राहिले.

"बूट चांगले निघाले," ते म्हणाले.

त्यांनी ते जाणूनबुजून केलं का, हे मला पुढे पुष्कळांनी विचारलं. नाझरकाकू तर त्याच आठवड्यात म्हणाल्या, "तुला ठेवून घ्यायची होती गं त्यांना, दुसरं काय?" मी अण्णांना कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर ते खरं बोलले असते, आणि दोन्हींपैकी कुठलंही उत्तर मला नको होतं. नारळी पौर्णिमेनंतर बोटी सुरू झाल्या. कंपनीचे उरलेले पैसे आले, ते सफेद्याच्या डब्यात गेले. पडद्यांत या वेळी एक नवा बगीचा होता, त्याच्या वेलींवर जास्वंदी आणि पोपट. मिसनी माझी जागा दुसऱ्या मुलीला दिली होती.

ट्रंक कुणी घेतली नाही. तिचं कुलूप मात्र उत्तम होतं, म्हणून पावसाळा संपल्यावर मी सगळे डबे तिच्यात ठेवले आणि ती स्वयंपाकघराच्या भिंतीला लावली. दर एक तारखेला उंबऱ्यावर अण्णा येऊन उभे राहत. मी कमरेची किल्ली काढून झाकण वर करत असे. झाकण मागे टेकलं की माझं नाव, मुंबई आणि ती आगबोट, सगळं भिंतीकडे तोंड करून उभं राही, आणि माझ्या बाजूला नुसता काळा पत्रा.

"साहेब, पगार," अण्णा म्हणत, आणि मी मोजून देत असे.